पिल्लांची हगवण आणि प्रतिजैविकांची सत्तर वर्षे

१९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. अन्नासाठी पाळले जाणारे प्राणी, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरास तिने बंदी घातली. अतिदक्षता विभागातील रुग्णावर इतर औषधे निष्फळ ठरली की डॉक्टर शेवटी ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी हे एक. असे औषध जनावरांच्या खाद्यात पोहोचलेच कसे? या प्रश्नाचा माग काढताना डुकरांच्या पिल्लांच्या हगवणीचा इतिहास वाचावा लागतो, आणि त्या इतिहासाच्या आरंभी एक भारतीय नाव भेटते.

१९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्यांच्याच कारकिर्दीत तेथे बेंजामिन डग्गर यांना मातीतील एका जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळाले. १९४८ मध्ये हे औषध जगापुढे आले आणि त्याच वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले. पुढे तेथीलच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोधात होते. औषधनिर्मितीनंतर उरलेला चोथा त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने वाढली. जीवनसत्त्वाने एवढी वाढ होणे शक्य नव्हते. चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. १९५० मध्ये ही वार्ता प्रसिद्ध झाली. डुकरांच्या पिल्लांतही हाच अनुभव आला आणि त्यांची हगवणही कमी झाली. औषध आता आजारी जनावरापुरते न राहता रोजच्या खाद्याचा घटक बनले.

मुळात पिल्लांना ही हगवण का लागते? मोकळ्या रानात डुकराचे पिल्लू आईचे दूध तीन-चार महिन्यांत हळूहळू सोडते. व्यावसायिक वराहपालनात मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच, तेही एका दिवसात, त्याचे दूध तोडतात. मादी लवकर पुन्हा गाभण राहावी हा त्यामागचा हेतू. दुधातून मिळणारी प्रतिपिंडे अचानक बंद होतात आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून अपुरी असते. दुधाऐवजी कोरडे खाद्य समोर येते. भेदरलेले पिल्लू आधी उपाशी राहते आणि मग अधाशासारखे खाते. जठरात आम्ल पुरेसे नसल्याने प्रथिने अर्धवट पचून पुढे सरकतात. आतड्याच्या अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे काही दिवसांतच आखूड होतात. त्यात अनोळखी पिल्लांशी झुंज, दाटी, ओल आणि गारठा यांची भर पडते. अशा वेळी ई. कोलाय जिवाणूचे काही उपद्रवी प्रकार त्या अस्तराला चिकटतात आणि विष सोडतात. शरीरातील पाणी व क्षार आतड्यात झिरपून वाहून जातात आणि पिल्लू दगावू शकते. रोग जिवाणूचा खरा. पण त्याला संधी देतो तो गोठा.

खाद्यातील प्रतिजैविकांनी हे सगळे झाकून ठेवले. झाकण उघडले ते स्वीडनने. तेथील शेतकरी महासंघाने १९८१ मध्ये स्वतःहून या वापराला आळा घालण्याची भूमिका घेतली. १ जानेवारी १९८६ पासून केवळ वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर तेथे कायद्याने बंदी आली. पहिल्या वर्षी किंमत मोजावी लागली. दूध तोडलेल्या पिल्लांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे दीड टक्काबिंदूने वाढले आणि २५ किलो वजन गाठण्यास पाच-सहा दिवस अधिक लागू लागले. काही काळ पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवरील औषधांचा आणि जस्ताच्या ऑक्साइडचा आधार घ्यावा लागला. मात्र हळूहळू गोठेच बदलले. दूध उशिरा तोडणे, खाद्यातील प्रथिने कमी करणे, खाली पेंढा अंथरणे, एका वयाची पिल्ले एकत्र आणणे व एकत्र हलवणे, आणि मधल्या काळात कप्पा धुऊन पूर्ण कोरडा करणे हे उपाय रूढ झाले. दहा-बारा वर्षांत तेथील जनावरांवरील प्रतिजैविकांचा वापर निम्म्याहून खाली आला. २००६ मध्ये संपूर्ण युरोपीय संघाने तशी बंदी घातली.

कोलिस्टिनची कथा याच काळात समांतर चालली. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून १९७० च्या दशकापासून मानवी वैद्यकाने ते जवळजवळ बाजूला ठेवले. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही, म्हणून हगवणीवर मात्र ते सोयीचे ठरले. पुढे रुग्णालयांतील जिवाणू इतर औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा डॉक्टर पुन्हा त्याच्याकडे वळले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी कोलिस्टिनला रोधणारे एमसीआर-१ हे जनुक जाहीर केले. एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाऊ शकणारे हे जनुक प्रथम डुकरातील ई. कोलायमध्ये सापडले होते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी होणारा कोलिस्टिनचा वापर थांबवला. भारतात, जिथे त्याचा मोठा वापर कोंबड्यांसाठी होत होता, दोन वर्षांनी बंदी आली.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे आहेत. त्यांपैकी सुमारे २१ लाख एकट्या आसामात. ईशान्येत ती बहुतांशी घरामागे, दोन-चार अशा संख्येने पाळली जातात. हा व्यवसाय मोठ्या गोठ्यांकडे सरकेल तेव्हा स्वीडनला जो धडा बंदीनंतर शिकावा लागला, तो आपण आधीच शिकू शकतो. एका औषधावर बंदी आली आणि गोठा तसाच राहिला, तर शेतकरी दुसरे औषध शोधेल. त्यात त्याचा दोष नाही, कारण मरणारी पिल्ले त्याची असतात. म्हणून उबदार कोरडी जागा, दूध तोडण्याचे योग्य वय आणि पचेल असे खाद्य यांचा प्रसार हाही प्रतिजैविके वाचवण्याच्या राष्ट्रीय धोरणाचाच भाग मानला पाहिजे.