पेशी येते कोठून?

१६६५ सालीं रॉबर्ट हूकनें बुचाच्या पातळ कापांत मधाच्या पोळ्यासारखीं घरें पाहिलीं. पण तीं मृत, रिकामीं होतीं. पुढें १८३८-३९ मध्यें श्लायडेन व श्वान यांनीं सांगितलें कीं, वनस्पति काय, प्राणी काय, सर्व पेशींचेच बनलेले आहेत. मग नवी पेशी येते कोठून? पाकांत साखरेचे खडे धरावेत तशी ती द्रवांतून साकारते, असें त्यांचें मत.

बर्लिनच्या रॉबर्ट रेमाकला हें पटेना. कोंबडीच्या गर्भांत एका रक्तपेशीच्या दोन होतांना त्यानें पाहिल्या होत्या. १८५२ सालीं त्यानें जाहीर केलें कीं, पेशी पूर्वीच्या पेशीच्या विभागणीनेंच जन्मते. १८५५ मध्यें फिरखोनें तेंच मांडलें, आणि कीर्ति त्याच्या पदरीं पडली. यहुदी धर्म न सोडणाऱ्या रेमाकला प्रशियांत पूर्ण प्राध्यापकपद कधींच मिळालें नाहीं.

श्रोतेहो, हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. कर्करोगाची गांठ रक्तरसांतून उपजत नाहीं, आपल्याच पेशींच्या बेबंद वाढीनें होते, हें त्यामुळेंच उमगलें. आणि याच क्षणीं आपल्या हाडांच्या मगजांत, दर सेकंदास सुमारें २० लाख तांबड्या रक्तपेशी पूर्वीच्या पेशींपासूनच जन्म घेत आहेत.