मरणोत्तर प्रतिमांकन

मरणोत्तर प्रतिमांकन किंवा आभासी शवविच्छेदन ही मृतदेह न उघडता सीटी स्कॅन, एमआरआय व क्ष-किरण यांच्या साहाय्याने मृत्यूचे कारण शोधण्याची न्यायवैद्यकशास्त्रातील पद्धती आहे. डोके व मान यांच्या प्राणघातक दुखापती ओळखण्यासाठी ती विशेष उपयुक्त आहे. मात्र ती पारंपरिक शवविच्छेदनाची जागा पूर्णतः घेऊ शकत नाही.

इतिहास

१८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यावर लवकरच देहातील बंदुकीच्या गोळ्या शोधण्यासाठी त्यांचा वापर होऊ लागला. १९७७ मध्ये जर्मन संशोधकांनी कवटीतील गोळीच्या जखमांचा सीटी स्कॅनद्वारे अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात रिचर्ड डर्नहोफर, मिखाएल थाली व सहकाऱ्यांनी 'व्हर्टॉप्सी' हा प्रकल्प हाती घेतला. भारतात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मार्च २०२१ मध्ये ही सुविधा सुरू झाली.

निदान

सीटी स्कॅनमध्ये कवटीचे अस्थिभंग, मेंदूच्या आवरणांमधील मोठे रक्तस्राव व कवटीत शिरलेली हवा स्पष्ट दिसते. कवटीचा पाया व मानेचा पहिला मणका यांचा सांधा नेहमीच्या शवविच्छेदनात सहज दृष्टीस पडत नाही; तेथील निखळणे प्रतिमेत दिसू शकते. मानेच्या मऊ ऊतींसाठी एमआरआय अधिक उपयुक्त असतो.

मर्यादा

मेंदूच्या खोडातील सूक्ष्म रक्तस्राव व चेतातंतूंच्या विखुरलेल्या इजा सीटी स्कॅनमध्ये निसटू शकतात. मृत्यूनंतर रक्त खालच्या भागात साचते व कुजण्यामुळे वायू निर्माण होतो. अननुभवी निरीक्षक या बदलांना दुखापत समजण्याचा संभव असतो. कंठिकास्थीचा भंग गळफास व गळा दाबणे या दोन्हींत आढळू शकतो. त्यामुळे केवळ प्रतिमेवरून आत्महत्या की खून हे ठरविता येत नाही. त्वचेवरील व्रण, विषबाधा व ऊतींची सूक्ष्मदर्शी तपासणी यांसाठी स्वतंत्र परीक्षण आवश्यक असते.

कायदेशीर महत्त्व

संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूची पोलीस 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद करून पंचनामा करतात. १ जुलै २०२४ पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार होते; त्यापूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ लागू होते.

सोलापूर शहराजवळून राष्ट्रीय महामार्ग ६५ व ५२ जातात. अशा महामार्गावर दुचाकीस्वार मृतावस्थेत आढळल्यास, पडल्यामुळे मेंदूत रक्तस्राव झाला की रक्तस्रावामुळे तो पडला, हा प्रश्न निर्णायक ठरतो. आघाताच्या विरुद्ध बाजूस मेंदूच्या पृष्ठभागावर आढळणारी इजा पडल्याचे सूचित करते. मेंदूच्या अंतर्भागातील एकाकी रक्तस्राव बहुधा उच्च रक्तदाबाकडे निर्देश करतो. या निष्कर्षावर गुन्ह्याचा तपास व वारसांची नुकसानभरपाई अवलंबून असू शकते.

दहनानंतर देहाची पुनर्तपासणी अशक्य होते. प्रतिमा मात्र जतन करता येतात व वाद उद्भवल्यास दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासून घेता येतात.