कॉर्निश खाणकामगारांचे स्थलांतर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यात तांबे व कथील यांच्या खाणी बंद पडू लागल्यावर तेथील खाणकामगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात परदेशांत केलेले स्थलांतर. त्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नवॉल हा तांब्याच्या उत्पादनात जगातील अग्रेसर प्रदेशांपैकी एक होता. खोल खाणींतील पाणी वाफेच्या एंजिनांनी उपसणे व कठीण खडक सुरुंगाने फोडणे यांत तेथील कामगार निष्णात होते. अनेक जण ठराविक रोजंदारीऐवजी काढलेल्या धातुकाच्या किंमतीतील वाटा बोलीने ठरवून घेत. त्यामुळे खडकातील शीर पाहून तिची प्रत जोखण्याचे कसब त्यांच्या अंगी बाणले होते. घरदार सुटले, तरी हे कसब बरोबर नेता आले.

मेक्सिकोतील रेआल देल मॉन्ते येथील चांदीच्या खाणींवर कॉर्निश कामगार १८२५ च्या सुमारासच गेले होते. स्थलांतरास लोंढ्याचे स्वरूप आले ते मात्र १८६६ नंतर. चिली व लेक सुपीरिअर येथील स्वस्त तांब्यामुळे भाव घसरत असतानाच त्या वर्षी लंडनची ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली आणि अनेक खाणी बंद पडल्या. पुढे परदेशी कथलाच्या स्पर्धेने उरलेल्या खाणींनाही ग्रासले. परगण्याची लोकसंख्या १८६१ मध्ये सुमारे ३,६९,०००होती, ती १९०१ मध्ये सुमारे ३,२२,००० वर आली.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा, कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली इ. ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. तेथे मेथडिस्ट प्रार्थनामंदिरे उभी राहिली. सारणाची पेस्टी तर मेक्सिकोतील पाचूका येथे आजही विकली जाते. कामावर माणूस हवा असल्यास ‘माझा चुलतभाऊ जॅक आहे’ असे ते सांगत, म्हणून त्यांना ‘कझिन जॅक’ हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, नातलगांना मागोमाग बोलावून घेण्याची त्यांची रीत तीतून नेमकी कळते.

सर्वच कुटुंबे एकत्र गेली नाहीत. पुष्कळ स्त्रिया मागे राहून नवऱ्याने धाडलेल्या पैशांवर संसार चालवीत. पैसे येणे थांबले की त्यांना सार्वजनिक दानधर्मावर विसंबावे लागे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतून परतलेले अनेक यंत्रचालक खडकाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन तरुणपणीच दगावले. १९०४ च्या सरकारी चौकशीत हे उघड झाले.

भारतात कोलार येथील सोन्याच्या खाणींवर जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० नंतर कॉर्निश कामगार आणले. येथे ते देखरेखीच्या जागांवर होते. प्रत्यक्ष खोदकाम मुख्यत्वे तमिळ व तेलुगू मजुरांकडे असे, आणि वेतन व निवास यांत दोहोंत मोठे अंतर होते. कॉर्नवॉलमधील साउथ क्रॉफ्टी ही कथलाची खाण १९९८ मध्ये बंद झाली, तर कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी. तेव्हापासून कोलारच्या खाणकामगार कुटुंबांतील अनेक जण रोजगारासाठी दररोज रेल्वेने बंगळूरला जाऊ लागले.