मोजलंत का?

आमच्या ह्यांना कंपवात झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतलं डोपामिन कमी झालंय." मी विचारलं, "मोजलंत का?" ते हसले. म्हणाले, "बाई, ते साखरेसारखं रक्तातून मोजता येत नाही." ह्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली, पण प्रश्न मनात राहिलाच. मी इतिहास शिकवणारी, शास्त्राचा गंध नाही. तरी नातवाला हाताशी धरून वाचलं. जे समजलं ते सांगते.

गोष्ट सुरू होते प्रागमध्ये, १९२२ साली. हेरोव्स्की यांनी बारीक काचनळीतून पारा थेंबथेंब द्रावणात सोडला आणि त्यातून वीज खेळवली. विजेच्या मापावरून द्रावणात काय आहे, किती आहे, ते कळू लागलं. १९५९ साली त्यांना नोबेल मिळालं. यातली गंमत अशी, की दर थेंब नवा, म्हणून पृष्ठभाग कायम स्वच्छ!

पण डोपामिनसारखी द्रव्यं पकडायला पारा चालत नाही, तो स्वतःच बिघडतो. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात राल्फ ॲडम्स यांनी कार्बनचे थेंब पाडून पाहिले. ते जमलं नाही, पण त्या खटपटीतून १९५८ साली कार्बनच्या लगद्याचा इलेक्ट्रोड निघाला. इकडे १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी कंपवाताने गेलेल्यांचे मेंदू तपासून डोपामिनची तूट दाखवली. म्हणजे मोजलं होतं, पण माणूस गेल्यावर. १९७३ साली ॲडम्स यांच्या गटाने जिवंत उंदराच्या मेंदूत इलेक्ट्रोड घातला. खूण मिळाली, पण पुढे कळलं की ती बरीचशी क जीवनसत्त्वाची होती!

आणखी एक अडचण होती. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसंच डोपामिनचं होतं. मोजता मोजताच त्याचा थर इलेक्ट्रोडवर बसतो आणि पुढचं माप खोटं येतं. थेंब गेले, तशी स्वच्छताही गेली.

इथे कामी आला ध्वनी, आपल्या कानांना न ऐकू येणारा. त्याने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात. फुटताना किती जोर लागतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ सालीच मांडलं होतं. १९९० च्या दशकात ऑक्सफर्डला रिचर्ड कॉम्पटन यांच्या गटाने इलेक्ट्रोडसमोर असा ध्वनी सोडून पुष्कळ प्रयोग केले. बुडबुडे पृष्ठभाग घासून काढतात, द्रावण जोरात ढवळलं जातं आणि खूण ठळक येते. अर्थात हे काचपात्रातल्या नमुन्यापुरतं. इतका जोरकस ध्वनी जिवंत मेंदूत कोण सोडणार?

वाचताना चष्म्याचं दुकान आठवलं. हात थरथरत म्हणून ह्यांना काचा पुसता येत नसत. दुकानदार चष्मा पाण्याच्या छोट्या यंत्रात ठेवी, बारीक गुणगुण होई आणि चष्मा लख्ख निघे. हे दर वेळी कौतुकाने बघत. तत्त्व तेच होतं, हे सांगायला आता उशीर झाला.

आजही डॉक्टर कंपवात ओळखतात तो मुख्यतः लक्षणांवरूनच. त्या हसण्याचा राग मात्र आता गेला.