वतन, वेठ आणि राजकीय पक्ष: बेळगाव सीमाभागातील एक हिशेब

महार वतन ही मुंबई इलाख्यातील वंशपरंपरागत ग्रामसेवेची पद्धत होती. सरकारी निरोप पोचवणे, वसूल झालेला सारा तालुक्याच्या ठिकाणी नेणे, शिवेची राखण, मेलेली जनावरे ओढणे, पाटील-कुलकर्ण्यांची आणि गावात आलेल्या अंमलदारांची बडदास्त अशी कामे वतनदार घराण्याकडे असत. मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा आणि सुगीत शेतकऱ्यांकडून मिळणारे बलुते. जमीन भाऊबंदकीत वाटली जाऊन लहान होत गेली, कामाला मात्र वेळेची मर्यादा नव्हती आणि बोलावणे येताच घरातल्या कुणाला तरी जावेच लागे. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्दे कायद्याने या पद्धतीला कायद्याचा आधार मिळाला. खानापूर तालुक्यातील गुंजीपासून तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातील निपाणीपर्यंतचा मुलूख बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे याच कायद्याखाली होता.

अशा पद्धतीबद्दल राजकीय पक्षांना किती जबाबदार धरायचे, हे पाहताना अमेरिकेशी तुलना उपयोगी पडते. तेथे गुलामीचे समर्थन करणारे आणि तिला विरोध करणारे पक्ष समोरासमोर होते. 1865 मध्ये ती कायद्याने संपल्यावर दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे प्रामुख्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या सत्तेखाली झाले, त्यामुळे तेथे जबाबदारीचे माप घेणे तुलनेने सोपे आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ त्या देशातील गुलामीविरोधकांना अर्पण केली, तेव्हा इथल्या जातिदास्याची तुलना त्यांच्या मनात होती. मात्र अस्पृश्यता आणि वतन कोणत्याही भारतीय पक्षाने निर्माण केलेले नाही. पक्षांचा हिशेब मांडायचा तो हाती आलेली सत्ता आणि संधी त्यांनी कशी वापरली यावरून.

1885 मध्ये स्थापन झालेली काँग्रेस आरंभी सामाजिक प्रश्न स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवत असे. 1895 च्या पुणे अधिवेशनात समाजसुधारणेसाठी भरणाऱ्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडपही मिळू शकला नाही. अस्पृश्यांवरील निर्बंध दूर करण्याचा ठराव तिने प्रथम 1917 मध्ये कलकत्त्यात केला. निपाणीलगतच्या कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतने रद्द करून जमिनी रयतावा, म्हणजे इतर शेतकऱ्यांसारख्या सारा भरण्याच्या, केल्या. पक्ष नसलेल्या एका संस्थानिकाने हे केले, तेव्हा शेजारच्या ब्रिटिश मुलखात तोच प्रश्न जागच्या जागी होता.

डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. अस्पृश्यता हा स्वराज्याच्या वाटेतला अडथळा असल्याचे त्यांनी भाषणात मांडले. पण काँग्रेसच्या सभासदत्वाला अट घातली गेली ती दरमहा दोन हजार यार्ड सूत देण्याची, अस्पृश्यता न पाळण्याची नव्हे. चार महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, याच जिल्ह्यात निपाणीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा बहिष्कृत परिषद झाली. त्या काळात गांधींच्या सहानुभूतीचे मोल आंबेडकर मान्य करत. खादी आणि हिंदू-मुस्लिम ऐक्याइतका भर अस्पृश्यता निवारणावर दिला जात नाही, ही त्यांची तक्रार होती.

1928 मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात 1874 च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदाराला स्वेच्छेने सेवेतून मुक्त होता यावे आणि बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, हा त्याचा गाभा. पाठिंबा न मिळाल्याने 1929 मध्ये ते मागे घ्यावे लागले. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातून या पक्षाचे बळवंत वराळे निवडून आले. त्याच वर्षी बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले, पण 1939 मध्ये त्याने राजीनामा दिला तेव्हाही वतन तसेच होते. त्या डिसेंबरात हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद भरवावी लागली.

स्वातंत्र्यानंतर 1950 च्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, 1955 मध्ये तिचे आचरण गुन्हा ठरले. वतनाचा कायदा त्याहून मागे राहिला. मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याचा कायदा 1958 मध्ये केला. पण 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले असल्याने इथल्या वतनदारांना त्याचा उपयोग नव्हता. म्हैसूरचा ग्रामहुद्दे निर्मूलन कायदा 1961 चा, अंमल 1963 पासूनचा. दोन्ही राज्यांत सरकार काँग्रेसचेच होते. सीमेपलीकडच्या वतनदारांपेक्षा इथल्यांना सुटका काही वर्षे उशिरा मिळाली. या काळात सीमाभागातील मराठी राजकारण, हा भाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीभोवती फिरत होते आणि भाषेच्या प्रश्नापुढे जातीचा प्रश्न दुय्यम ठरला.

म्हैसूरच्या 1961 च्या कायद्याने जमीन सरकारजमा होऊन जुन्या वतनदाराला पुन्हा मंजूर होई. 1978 मध्ये कर्नाटकच्या (पूर्वीच्या म्हैसूरच्या) देवराज अरस सरकारने अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींच्या हस्तांतरणाला बंदी घातली, पण वंशपरंपरागत हुद्द्यांच्या जमिनी त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळल्या. त्यांच्यासाठी ग्रामहुद्दे कायद्यातील वेगळ्या दुरुस्तीने पंधरा वर्षांची विक्रीबंदी आली. ती मुदत सरल्यावर या जमिनींना तसे संरक्षण उरले नाही.

वतनाची उभारणी पक्षांची नव्हती, ते मोडण्यातला विलंब मात्र त्यांचा होता. काँग्रेसकडे सर्वाधिक काळ सत्ता होती, म्हणून विलंबाचा मोठा वाटा तिच्याकडे जातो, आणि अखेर कायदे करण्याचे श्रेयही. प्रश्न विधिमंडळात आणण्याचे काम आंबेडकरांचे आणि त्यांच्या पक्षाचे. या पक्षाची ताकद मोजक्या जागांपुरती असल्याने निर्णय सतत दुसऱ्यांच्या हाती राहिला.