लिथियम बॅटरीचे कॅनडातले माहेर

घरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: लिथियम बॅटरी किती व्होल्टपर्यंत भरावी? मला या आकड्यांमागे कॅनडाचाही इतिहास दिसतो.

१९७७ साली ब्रिटिश कोलंबियात मोली एनर्जी ही कंपनी निघाली. तिच्या बॅटरीत लिथियम धातूच असे. भरताना तो सुयांसारखा वाढे आणि सुई पलीकडे टेकली की आतल्या आत शॉर्ट सर्किट! १९८९ मध्ये जपानात अशा बॅटरीवरच्या मोबाइल फोनला आग लागली आणि कंपनी डबघाईला आली. १९९१ साली सोनीने लिथियम कार्बनमध्ये सामावून घेणारी बॅटरी बाजारात आणली. १९९७ मध्ये टेक्सासला गुडइनफ आणि पाढी यांनी लोह-फॉस्फेट पुढे आणले. त्यातून वीज नीट वाहत नसे. त्यावर कार्बनचा लेप देण्याचे काम क्वेबेकमध्ये झाले.

घरगुती सौरसंचात आज बहुधा हीच बॅटरी असते. तिच्या एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे १६ सेलना ५८.४. पण सेलमागे ३.४५, म्हणजे एकूण ५५.२ व्होल्टवर थोडा वेळ धरली तरी ती जवळजवळ पूर्ण भरते आणि सेलवर ताणही कमी पडतो. म्हणून उत्पादकाच्या सूचनेत बसत असेल तर मी खालचाच आकडा पसंत करतो.

तळघर सोडून गॅरेजमध्ये बॅटरी ठेवणाऱ्यांनी मात्र शून्य अंशाखाली चार्जिंग बंद राहील असे पाहावे. थंडीत लिथियम कार्बनमध्ये पुरेसा शिरत नाही, वरच धातू होऊन साचतो. मोलीला नडला तो हाच धातू.