इजाऱ्याचीं गांवें आणि शाळकरी मुलांचे हात

१

यवतमाळ जिल्ह्याची गांवयादी कोणीं सहज चाळली, तरी 'रीठ' आणि 'इजारा' हे दोन शब्द त्याच्या नजरेस वारंवार पडतील. रीठ म्हणजे वस्ती उठून जाऊन नांवापुरतें उरलेलें गांव. इजारा म्हणजे पड जमिनीचें सबंध गांव लागवडीस आणण्याच्या अटीवर दीर्घ मुदतीनें एका इसमास दिलेलें. वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आल्यावर १८६५ सालीं पड जमिनीविषयींचे नियम झाले. त्यांअन्वयें ओसाड गांवें ३० वर्षांपर्यंतच्या मुदतीनें मक्त्यानें देण्यांत आलीं. अटी पुऱ्या करणारास मुदतीनंतरहि सवलतीच्या साऱ्यावर गांव राखतां येई. १९०५ पासून ज्यास यवतमाळ जिल्हा म्हणूं लागले, त्या तेव्हांच्या वणी जिल्ह्यांत अशीं गांवें पुष्कळ झालीं. पुढें मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें हे मालकी हक्क ३१ मार्च १९५१ पासून संपले. नांव मात्र राहिलें.

ह्या वसाहतीचे कागद आमच्या भागांत अजूनहि सांपडतात: पट्टे, कबुलायती, सावकारी वह्या, क्वचित् एखादें घरगुती टांचण. त्यांवरून मुदत किती, सारा किती, जामीन कोण, हें समजतें. परंतु पहिल्या पावसाळ्यापूर्वीं त्या माणसांनीं निवारा कशाचा केला, बियाणें कोठें जपलें, दळण कोणीं व किती वेळ दळलें, हें कागद सांगत नाहींत. सांगण्याचें कारणहि नव्हतें. लिहिणारास आणि वाचणारास दोघांसहि तें ठाऊक होतें. आतां कागद आहेत आणि ठाऊक असणारीं माणसें झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. अशा वेळीं शाळकरी मुलांकडून तें जुनें जीवन हातांनीं करवून पाहाणें हा केवळ मुलांच्या करमणुकीचा प्रकार नसून जुने कागद वाचण्याच्या साधनांपैकीं एक साधन आहे, असें माझें म्हणणें आहे. तें मारेगांव येथील अल्पशा अनुभवावरून मांडितों.

२

ही कल्पना नवी नाहीं. स्टॉकहोम येथें आर्तुर हाझेलियस ह्यानें १८९१ सालीं स्कान्सेन नांवाचें उघड्यावरील संग्रहालय स्थापून निरनिराळ्या प्रांतांतील जुनीं घरें तेथें उभीं केलीं. डेन्मार्कमधील लेय्रे येथें १९६४ पासून लोहयुगांतील घरें पुन्हां बांधून त्यांत प्रत्यक्ष राहून पाहाण्याचे प्रयोग झाले, व तेथें शाळांचीं मुलेंहि येऊं लागलीं. अमेरिकेंत पहिल्या वसाहतकऱ्यांचें जीवन मुलांस असेंच करून दाखवितात.

परंतु उदाहरणासाठीं इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. मारेगांवाहून वणी व हिंगणघाट मागें टाकलें कीं वर्धा येतें. तेथें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या समितीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आपला अहवाल दिला. त्या अहवालाची प्रसिद्धि सूतकताईमुळें झाली. त्यांतील इतिहासाच्या अभ्यासक्रमाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पहिल्या इयत्तेच्या मुलास आदिमानवाचा निवारा, त्याचें वस्त्र, त्याचीं हत्यारें, त्याची शेती ह्यांची माहिती द्यावी, आणि प्राचीन काळ राजांच्या वंशावळींऐवजीं गोष्टींतून शिकवावा, असें त्यांत सुचविलें होतें. मोहेंजोदडोच्या मुलाची गोष्ट त्यांत आहे, आणि ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाचीहि आहे. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या मजसारख्यास ह्याचा आनंद वाटणें साहजिक आहे.

पण एक गोष्ट खटकते. त्या योजनेंत हातास काम मिळालें तें सुताचें, आणि इतिहास मुख्यतः तोंडीं गोष्टींत राहिला. कातणाऱ्या मुलास आपली टकळी हाच इतिहासाचा एक दस्तऐवज आहे, हें फारसें कोणीं सांगितलें नाहीं. सेवाग्राम येथील आनंद निकेतन शाळा २००५ सालीं पुन्हां सुरू झाली, व तेथें हातकाम आणि पाठ्यविषय ह्यांची सांगड घालण्याचा यत्न चालू आहे. आम्हीं त्याच विचाराचा एक धागा घेतला: आपल्याच तालुक्याच्या भूमींत ज्यांनीं पहिला वखर घातला, त्यांचें एक वर्ष मुलांनीं करून पाहावें.

३

प्रथम कापूस. मुलांस वेंचलेला कापूस दिला व एक लांकडी पाट आणि लोखंडी सलाई दिली. पाटावर कापूस ठेवून सलाई फिरवीत सरकी मागें काढावयाची. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील एका चित्रांत अशाच एका रुळाखालीं सरकी काढणारी स्त्री अभ्यासकांनीं ओळखली आहे. मुलांनीं अर्धा दिवस खपून जी रुई काढली, ती एका उशीसहि पुरली नसती. नंतर दोन्ही वजनें केलीं, तों एक भाग रुई व सुमारें दोन भाग सरकी असें पडलें. ह्या साध्या वजनानें माझी एक जुनी चूक उघडी झाली. वह्यांत 'कापूस' असें लिहिलेलें असलें म्हणजे तो सरकीसकट कीं सरकीवांचून, हा प्रश्न मीं पूर्वीं कधीं केलाच नव्हता. ह्या एका शब्दाच्या अर्थावर उत्पन्नाचा आंकडा तिपटीनें बदलतो.

दुसरें खळें. अमरकोशांत 'मेधि' हा शब्द आहे. खळ्यांत जनावरें बांधण्यासाठीं रोवलेलें लांकूड, असा त्याचा अर्थ. हा शब्द मीं कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करवून घेतला. मराठींतील 'मेढ' हा त्याचाच वंशज. खळें सारवून, मधोमध मेढ रोवून, एका शेतकऱ्याची बैलजोडी आणून जेव्हां मुलांनीं कणसें तुडविलीं, तेव्हां एका मुलीच्या ध्यानांत आलें कीं मेढीशीं असलेला बैल जागच्या जागीं वळतो व कडेचा बैल धांवतो. म्हणून म्हातारा बैल आंत व तरणा बाहेर. कोशांत पशु बांधण्याचें लांकूड एवढेंच आहे; कोणता पशु कोठें बांधावा, हें तिनें सांगितलें.

तिसरें पेंव, आणि येथें आम्ही चुकलों. 'पेंव फुटणें' हा वाक्प्रचार प्रत्येक मुलास ठाऊक होता; पेंव मात्र एकानेंहि पाहिलें नव्हतें. पेंव म्हणजे जमिनींत खणलेलें, तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असें धान्याचें कोठार. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें १९६८ पासून झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्तींत धान्याचे असे खड्डे सांपडले आहेत. म्हणजे ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. आम्हीं शाळेलगतच्या शेतांत हातभर खोलीचें एक लहानसें पेंव काढलें. आंतून कडबा लावला, लिंपलें, ज्वारी भरली, तोंड मातीनें बंद केलें. दिवाळीनंतर उघडलें तों आंत काळा चिखल व कुजका वास.

पाहावयास आलेली एक वृद्ध शेतकरीण हंसून म्हणाली, "गुरुजी, काळींत कोणी पेंव काढतं का? पेंव पांढरींत काढावं."

काळी आणि पांढरी हे शब्द आपणां सर्वांस कागदांतून परिचित आहेत. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गांवठाण. मीं ते नेहमीं असेच समजावून दिले. परंतु काळी माती पावसांत पाणी धरून ठेवते आणि उन्हांत भेगाळते, म्हणून तिच्यांत धान्य टिकत नाहीं. गांवठाणाची उंच, निचऱ्याची, मुरमाड जागा असेल तरच पेंव टिकेल, हें मला साठी उलटल्यावर कळलें. पांढरी ही केवळ राहाण्याची जागा नव्हे, तर गांवाचें कोठारहि होती. नव्या वसाहतीनें गांवठाणाची जागा निवडतांना पाण्याइतकाच ह्याचाहि विचार केला असला पाहिजे.

दुसऱ्या वर्षीं पेंव पांढरींत काढलें. उघडलें तेव्हां वरचा व कडेचा थोडा थर अंकुरून बुरसला होता. आंतील ज्वारी कोरडी होती. इंग्लंडमधील बटसर येथें पीटर रेनॉल्ड्स ह्यानें १९७२ नंतर केलेल्या प्रयोगांत हेंच दिसून आलें होतें: कडेचे दाणे अंकुरतांना आंतील प्राणवायु संपवितात, आणि जो कर्बवायु सांचतो त्यानें उरलेलें धान्य निजून राहातें. हाच वायु उघडलेल्या पेंवांत घाईनें उतरणाऱ्याचा जीव घेतो. म्हणून हा पाठ कोणीं करणार असेल, तर त्यानें हातभर खोलीच्या पुढें जाऊं नये, आणि मुलास आंत वांकूं देऊं नये, हें येथें स्पष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे.

४

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो रास्त आहे. मुलांनीं आज केलेली कृति म्हणजे १८७० सालची कृति नव्हे. नाटकास पुरावा मानूं नये. हें मला मान्य आहे. हातानें केलेल्या प्रयोगावरून 'असेंच होतें' असें म्हणतां येत नाहीं. 'असें होऊं शकतें' किंवा 'असें होऊं शकत नाहीं' एवढेंच म्हणतां येतें. पण काळींतल्या कुजक्या ज्वारीनें दाखविलें, त्याप्रमाणें हें दुसरें विधानहि संशोधकास थोडें नसतें.

ह्याहून गंभीर दोष माझ्या स्वतःच्या रचनेंत होता. वर्षाच्या शेवटीं वसाहतीचा प्रवेश करावयाचा म्हणून मीं मुलांस भूमिका वांटून दिल्या: इजारदार, कुणबी, सुतार, लोहार, पाणी शोधणारा, दळणाऱ्या बाया. गाड्या येतात, जागा मोकळी आहे, पहिला खुंट रोवला जातो, अशी योजना होती. जवळच्या कोलाम पोडावरून येणारा एक मुलगा शांतपणें ऐकत होता. त्यानें विचारलें, "गुरुजी, हे लोक आले तेव्हां आम्ही कोठें होतों?"

मजजवळ उत्तर नव्हतें. दप्तरांतील 'ओसाड' हा शब्द मीं जसाच्या तसा मुलांच्या तोंडीं घातला होता. ओसाड म्हणजे जेथून सारा येत नाहीं. जेथें माणूस नाहीं असें नव्हे. ह्या रानांत कोलाम होते, गोंड होते. त्यांचे पोड, त्यांचे मोहाचे वृक्ष, त्यांच्या वाटा होत्या. पट्टा लिहिणाऱ्यास ते दिसले नाहींत, कारण ते त्याच्या रकान्यांत बसत नव्हते. कागदाचा हा आंधळेपणा मुलांच्या खेळांत उतरून पुढील पिढीचा इतिहास होऊं पाहात होता, आणि त्याचें निमित्त मी झालों असतों. म्हणून अशा पाठांस मी निरुपद्रवी मानीत नाहीं. जें हातांनीं केलें तें मूल विसरत नाहीं. चुकीचें केलें तर चूकहि विसरत नाहीं.

प्रवेश रद्द केला. पुढच्या वर्षापासून पाठाचा आरंभ पोडावर होतो. तेथील वडील माणसें बांबू फोडून कांबी कशा काढाव्या, कणगी कशी विणावी, कोणतें कंद केव्हां खणावें, हें शिकवितात. मुलें ऐकतात व करतात. कोलामी ही द्राविड कुळांतील भाषा. तिचें एमेनो ह्यानें केलेलें वर्णन १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. पण कणगीच्या विणीचे कोलामी शब्द आमच्या मुलांच्या वहींत आले ते पोडावरील आजीबाईंच्या तोंडून. इजारदाराच्या घरांत धान्याची कणगी असेल, तर तिचा बांबू कोणत्या रानांतला व वीण कोणाच्या हातची, हा प्रश्न आतां मुलेंच विचारतात.

५

ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्यांच्याजवळ इजाऱ्याचे, खळ्याचे, कोठाराचे कागद असतील, त्यांनीं त्यांतील अवजारांचे व मापांचे शब्द स्वतंत्र टिपून ठेवावे, आणि ते वापरणारें माणूस हयात असेल तोंच त्यास विचारावे. दुसरी, कागदांबरोबर वस्तूहि जमवाव्या. तिफणीचें सरतें, डवऱ्याची पास, जात्याचा खुंटा ह्यांवर कोणत्या गांवचें, कोणत्या कामाचें, एवढी चिठ्ठी तरी बांधावी. तिसरी, आपल्या गांवच्या शाळेंत वर्षांतून एक दिवस जावें, आणि एक कागद व एक वस्तु बरोबर न्यावी. मुलें त्या वस्तूस काय विचारतात, तें ऐकून मग कागद पुन्हां वाचावा.

आमचें तिसरें पेंव गेल्या मार्गशीर्षांत पांढरींत भरलें. ह्या खेपेस लिंपणाचें काम त्या शेतकरणीकडे व कणगीचें पोडावरच्या आजीबाईंकडे आहे. निम्मी ज्वारी पेंवांत व निम्मी कणगींत ठेविली आहे. दोन्हींतील दाणे येत्या मृगांत पेरून कोणते अधिक उगवतात तें पाहावयाचें, ही सूचना त्या कोलाम मुलाचीच.